साडूभाऊ आणि अव्वांचं पाणी

अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात बिघडलेल्या वस्तूवर आमच्या थोरल्या साडूभाऊंइतकी माया करणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. चालू वस्तूकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. पंखा मुकाट्याने गरगरत असेल तर त्याच्याखाली ते बेचैन होतात; पण तोच पंखा जरा कुरकुरला की चेहऱ्यावर अशी तकाकी येते, की बघणाऱ्याला वाटावं, यांच्या घरी नातू झाला. ब्रह्मदेवाने त्यांच्या हातात पाना दिला, अंगात उत्साह दिला, आणि तो पाना नेमका कुठे फिरवायचा हे सांगायच्या वेळी त्याला दुसऱ्या कुणीतरी हाक मारली असावी.

ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्कांचे यजमान. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते 'मशीनांचं बघतात' असं मला माझ्या लग्नात सांगण्यात आलं होतं. मी बरीच वर्षं त्यांना मेंटेनन्सचे साहेब समजून दबून राहिलो. पुढे कळलं की ते स्टोअरला होते. खिडकीत बसायचं, फिटर येऊन बेअरिंग मागेल तर कपाटातून काढून द्यायचं आणि जाता जाता त्याला 'कशाला पायजे?' म्हणून विचारायचं, एवढं त्यांचं काम. त्यामुळे झालंय काय, की दुनियेतल्या झाडून सगळ्या पार्टांची नावं त्यांना तोंडपाठ आहेत. वॉशर म्हणू नका, गॅस्केट म्हणू नका, सर्क्लिप म्हणू नका. फक्त तो पार्ट खिडकीतून बाहेर पडल्यावर पुढे कुठे जाऊन बसतो, ते त्यांनी कधी पाहिलेलं नाही. मी एकदा धीर करून तसं बोलून दाखवलं, तर शांतपणे म्हणाले, "पावणं, पोस्टमास्तर काय लोकांची पत्रं वाचतोय व्हय? तरी गावाची खबर त्यालाच असती की."

कळंब्याला तलावाच्या अलीकडे त्यांनी टुमदार घर बांधलं आहे. त्या घरातली एकही वस्तू त्यांच्या हातातून सुटलेली नाही. सोप्यातला, म्हणजे बाहेरच्या बैठकीतला पंखा त्यांनी दुरुस्त केला, तेव्हापासून तो उलटा फिरतो आणि सगळा वारा छताला घालतो. उन्हाळ्यात पाहुणे रुमालाने वारा घेत बसतात आणि साडूभाऊ त्यांना समजावून सांगतात, की उष्णता वर जमत असते, तेव्हा आधी वरची हवा गार झाली पाहिजे. दारावरची बेल त्यांनी सुधारली. ती आता स्वयंपाकघरातला दिवा लावला की वाजते. अक्का सकाळी दिवा लावतात आणि सवयीने दार उघडायला जातात. मेकॅनिकला मात्र या घरात मज्जाव आहे. "घरात मेकॅनिक बोलवायचा म्हंजे आपल्याच तालमीत दुसऱ्या गावचा वस्ताद आणून बसवायचा," असं त्यांचं म्हणणं. यावर अक्का फक्त वर छताकडे, पंख्याकडे बघतात.

पण या सगळ्या वेडांच्या वर त्यांचं एक वेड आहे, ते म्हणजे अंघोळीचं गरम पाणी. लोक पाहुण्याला आधी पाणी विचारतात, मग चहा. साडूभाऊही आधी पाणीच विचारतात, पण अंघोळीचं. एकदा एक गृहस्थ लग्नपत्रिका द्यायला आले होते. राधानगरीकडचे, मोटारसायकलवरून चिंब भिजून आलेले. दारातूनच पत्रिका द्यावी आणि निघावं, असा त्यांचा बेत. साडूभाऊंनी पत्रिका घेतली आणि त्यांच्या हातात टॉवेल दिला. थोड्या वेळाने मी पाहिलं तर ते गृहस्थ साडूभाऊंचाच लेंगा घालून, भांग पाडून, सोप्यात चहा पीत बसलेले, आणि चेहऱ्यावर देवदर्शन झाल्यासारखं समाधान. पत्रिका चुकीच्या घरी दिली हे त्यांच्या ध्यानात यायला दुसरा कप उजाडला. तोवर नाती इतकी पुढे गेली होती, की साडूभाऊ त्या लग्नाला अक्कांना घेऊन गेले आणि आहेर करून, जेवून आले.

पाण्याच्या त्यांनी प्रती लावलेल्या आहेत. गार, कोंबट, ऊन आणि कढत. गार पाणी कपड्यांना, कोंबट पाणी वैऱ्याला, ऊन पाणी घरच्यांना आणि कढत पाणी पाहुण्याला. पाणी कढत झालं की नाही हे ते बोटाने बघत नाहीत. बोट निबर झालेलं असतं, खोटं बोलतं म्हणतात. ते कोपर बुडवतात आणि डोळे मिटतात. मग डोळे उघडून "जावा" म्हणाले, की पाहुण्याने न्हाणीघरात जायचं. मी सकाळी घरून अंघोळ करून गेलो तरी माझी यातून सुटका नाही. शाहूपुरीतल्या माझ्या घरची अंघोळ त्यांनी आजवर अंघोळ म्हणून धरलेलीच नाही.

तर अशा या माणसाच्या घरातला गिझर रुसला, आणि तोही नेमका अव्वा राहायला आल्या तेव्हा.

अव्वा म्हणजे आमच्या दोघांच्या सासूबाई. गडहिंग्लजच्या पलीकडे, जिथे नवऱ्याशी कानडीत भांडायचं आणि शेजारणीशी मराठीत, अशा गावात त्या सासऱ्यांच्या मागे एकट्या राहायच्या. सकाळी उठून चुलीवर हंडाभर पाणी तापवायचं, अंघोळ करायची, कपाळाला विभूती लावायची, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच तोंडात पाण्याचा घोट. अंघोळ नाही तर पूजा नाही, पूजा नाही तर अन्न नाही. यात आजारपणाचीही सवलत नव्हती. एका सकाळी उकळत्या पाण्याची बादली उचलताना अंगणात त्यांचा पाय घसरला. पाणी बाजूला सांडलं म्हणून थोडक्यात निभावलं, पण मनगट कायमचं दुखावलं. दोघी लेकी रडल्या, विनवण्या झाल्या. अव्वा एकच सांगायच्या, की लेकीच्या घरी पाणी प्यावं आणि उठावं, जावयाच्या दारात म्हातारपण काढायचं नसतंय.

शेवटी साडूभाऊ स्वतः गेले. त्यांची आई ते अगदी लहान असताना गेलेली. लग्नानंतर 'अव्वा' हा शब्द त्यांनी जो धरला, तो पोटच्या लेकींनीही इतका कधी म्हटला नसेल. ते अव्वांच्या कट्ट्यावर बसून राहिले आणि तुम्ही हो म्हणेपर्यंत जेवत नाही म्हणाले. जेवणाच्या बाबतीत साडूभाऊ अशी भाषा करतील हे अव्वांना खरंच वाटेना. संध्याकाळी त्यांनी भाकरी थापायला घेतली आणि म्हणाल्या, "संक्रांतीपर्यंत बघू. न्हाय जमलं तर माझी मी येणार बघा, जावई. मला अडवायचं न्हाय."

झालं, साडूभाऊ कामाला लागले. संक्रांतीपर्यंत अव्वांना या घराची अशी गोडी लावायची, की त्यांनी परतीचं नाव काढू नये, हा त्यांनी विडाच उचलला. आतलं न्हाणीघर फक्त अव्वांचं, बाकी सगळ्यांनी बाहेरचं वापरायचं, असं ठरलं. दोन्हीकडे आणि स्वयंपाकघराच्या मोरीत गरम पाणी येई ते माळ्यावरच्या एकाच गिझरमधून. अव्वांना दुखऱ्या मनगटाने तांब्या उचलवणार नाही, म्हणून साडूभाऊंनी एक हँड शॉवर आणला. बटण दाबलं की पाणी, सोडलं की बंद. तो त्यांनी आपल्या हाताने बसवला आणि आश्चर्य म्हणजे तो चालला. मग त्यांनी गरम आणि गार असे दोन्ही नळ इकडे थोडा, तिकडे थोडा करत, कोपर भिजवत, बरोब्बर कढत पाणी जमवलं आणि दोन्ही नळांना लाल चिकटपट्टी गुंडाळून टाकली. म्हातारीला नळ पिरगाळायला नको, नुसतं बटण दाबायचं. घरात फर्मान निघालं, "अव्वांचं पाणी सेट झालंय. त्या नळांना कुणी हात लावायचा न्हाय." मलासुद्धा फोन करून सांगितलं. मी शाहूपुरीत बसून त्या नळांना हात लावणार होतो जणू!

अव्वा आल्या. पहिल्या सकाळी त्यांची अंघोळ होईपर्यंत साडूभाऊ बाहेर येरझाऱ्या घालत होते. दार उघडताच विचारलं, "अव्वा, पाणी कसं हुतं?" अव्वा म्हणाल्या, "कढत हाय की." साडूभाऊंचा ऊर भरून आला. त्या आनंदात ते बाहेरच्या न्हाणीघरात गेले, गरम पाण्याचा नळ सोडला, तांब्या भरून डोक्यावर घेतला आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो अक्कांनी संसारात पहिल्यांदा ऐकला. पाणी बर्फासारखं गार होतं.

कुणी दुसरा असता तर वैतागला असता. साडूभाऊंनी डोकं पुसलं आणि पान्याची पिशवी काढली. आधी त्यांनी वीज बघितली. वीज होती, लाल दिवा लागत होता. मग स्टीलचा पेला गिझरला लावून दुसऱ्या बाजूने कान लावला आणि बराच वेळ ऐकलं. आत पाणी उकळतंय असा निष्कर्ष निघाला. हात लावून बघितलं तर गिझर गरम, आणि नळाला पाणी गार. मी म्हटलं, मोबाईलवर बघा, गिझर दुरुस्तीचे ढिगाने व्हिडिओ आहेत. त्यांनी एक लावलाही, पण अर्ध्यातच बंद केला. त्यातला माणूस दिल्लीच्या गिझरचं सांगत होता आणि आपला गिझर कळंब्याचं पाणी पितो, म्हणाले. त्या पाण्याचे क्षार आत पाणी तापवणाऱ्या एलिमेंटवर बसलेत, हे त्यांचं निदान. मेन स्विच पाडून त्यांनी एलिमेंट बाहेर काढलं. खरोखरच त्याच्यावर पांढरं पुट चढलं होतं. अक्का तांब्यापितळेची भांडी चिंचेनं घासतात हे आठवून त्यांनी घरातली सगळी चिंच भिजत घातली आणि एलिमेंट त्यात बुडवून ठेवलं. एलिमेंट लखलखीत निघालं. त्या आठवड्यात घरात आमटीला चिंच नव्हती, आणि नळाला पाणी गारच होतं.

मग नवा थर्मोस्टॅट आला. त्याचं नाव, नंबर, जात, पोटजात साडूभाऊंनी दुकानदाराला अशी धडाधड सांगितली, की दुकानदार त्यांनाच साहेब म्हणाला. नवं एलिमेंट आलं. नवा वॉशर आला. गिझर बिचारा आतून नवरदेवासारखा नवा झाला. रोज सकाळी अव्वांची अंघोळ व्हायची, साडूभाऊ विचारायचे, अव्वा "कढत हाय की" म्हणायच्या, आणि साडूभाऊ बाहेरच्या न्हाणीघरात जाऊन कुडकुडायचे.

एका सकाळी ते माझ्या दारात उभे. नाक लाल, गळ्यात मफलर. मी चहा विचारला, नको म्हणाले. साडूभाऊ चहाला नको म्हणतात तेव्हा काळजी करावी. खुर्चीत बसले आणि माझ्या घरातल्या चालू पंख्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मनातलं बोलून टाकलं. एकच गिझर, एकच पाणी. ते बाहेर गार येतंय तर आत कढत कसं येईल? अव्वा खोटं बोलतात. जावयाच्या घरची उणीव तोंडावर आणायची नाही म्हणून त्या रोज गार पाणी अंगावर घेतात आणि कढत म्हणून सांगतात.

"पावणं," ते म्हणाले, आणि त्यांनी मफलरने नाक पुसलं. "म्हातारी माझ्या घरात कुडकुडती, आन् मला बरं वाटावं म्हणून हसती. आईला मी एवढं पाणीबी देऊ शकत न्हाय व्हय?"

मी या माणसाची आयुष्यभर चेष्टा केली, पण त्या दिवशी मी माझी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. मी म्हटलं, मेकॅनिक बोलवू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो शब्द गिळला. मी म्हटलं, मग अव्वांनाच सरळ विचारा. तर म्हणाले, त्यांनी झाकलेलं आपण उघडं करायचं? त्यांना किती लागेल? हे मात्र मला पटलं. आमच्या घराण्यात माणसं एकमेकांच्या मनाला इतकं जपतात, की शेवटी कुणाच्या मनात काय आहे हे कुणालाच कळत नाही.

त्यानंतर साडूभाऊंनी दोन गोष्टी सुरू केल्या. पहिली म्हणजे, अव्वा गार पाण्याने अंघोळ करतात तर आपणही गारच घ्यायचं. अक्कांनी पाणी तापवून देते म्हटलं, तरी ऐकलं नाही. दुसरी म्हणजे, गॅसवर मोठं पातेलं भरून पाणी तापवायचं आणि अव्वा उठायच्या आत त्यांच्या न्हाणीघराच्या दाराशी ठेवायचं. घरातलं पातेलं लहान पडायला लागलं. शेजारच्या वकिलांकडे भलंमोठं पातेलं होतं आणि ते द्यायलाही तयार होते. पण त्यात दर रविवारी काय शिजतं हे सगळ्या गल्लीच्या नाकाला माहीत होतं. अव्वांच्या पूजेच्या अंघोळीला तसलं पातेलं कसं चालेल? साडूभाऊ नवं घेऊन आले. आणि अव्वा काय करायच्या? ते उकळतं पातेलं बघायच्या, जावयाकडे बघायच्या, आणि मोलकरणीला भांडी घासायला न्या म्हणून सांगायच्या. अव्वांचा स्वाभिमान बघून साडूभाऊंना आणखीनच गहिवरून यायचं. घरातली भांडी गरम पाण्याने न्हात होती, आणि घराचा मालक गार पाण्याने न्हाऊन शिंकत होता.

संक्रांत अजून लांब होती. एका संध्याकाळी अव्वांनी आपली पिशवी भरली आणि अक्कांना सांगितलं, उद्या गावाला जायला पाहिजे, शेजारणीकडे ठेवलेली म्हैस दूध चोरायला लागली असं कळलंय. साडूभाऊंनी ते ऐकलं आणि माळ्याखाली जाऊन बसले. अक्कांचा रडत रडत आम्हाला फोन आला. सकाळी आम्ही दोघं कळंब्याला गेलो, अव्वांना स्टँडवर सोडायचं म्हणून.

गेलो तर घरात सुतक असल्यासारखी शांतता. अव्वा अंघोळीला गेल्या होत्या. साडूभाऊ दोन फडक्यांनी धरलेलं, झाकण ठेवलेलं वाफाळतं पातेलं घेऊन आतल्या न्हाणीघराच्या दाराशी उभे. निदान शेवटची अंघोळ तरी कढत पाण्याने करून जावी, एवढंच त्यांना मागायचं होतं. पण पाणी तापायला उशीर झाला होता. दार उघडलं, अव्वा अंघोळ आटोपून बाहेर आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ बाहेर आली वाफ. चांगली ढगासारखी वाफ. आतला आरसा पांढराफटक पडला होता.

साडूभाऊंनी पातेलं स्वयंपाकघराच्या दाराजवळ खाली ठेवलं. स्वतःचाच नियम मोडून ते आत गेले, हँड शॉवरचं बटण दाबलं, कोपर धरलं आणि डोळे मिटले. ते डोळे लवकर उघडेनात. मग एकदम बाहेर आले, धावत बाहेरच्या न्हाणीघरात गेले, तिथला नळ सोडला, गार. परत आत, कढत. परत बाहेर, गार. अव्वा विभूतीची डबी हातात धरून जावयाच्या या प्रदक्षिणा बघत उभ्या. माझी बायको आत डोकावली. उघडा नळ दिसला की बंद करायचा, हा तिचा जन्माचा धर्म. तिने लाल चिकटपट्टी सोलून काढली आणि दोन्ही नळ करकचून आवळले.

त्याच क्षणी स्वयंपाकघरातून अक्का ओरडल्या, "अगं आई गं, भाजलं की!"

आम्ही सगळे धावलो. मोरीतल्या नळाखाली अक्का कप विसळत होत्या आणि त्या नळातून वाफाळतं पाणी येत होतं. आत जाऊन हिने नळ पुन्हा उघडले, पाणी गार. बंद केले, कढत. मग कुठे उलगडा झाला. दोन्ही नळ रात्रंदिवस उघडे आणि पुढचं बटण बंद. त्यामुळे टाकीचं गार पाणी तिथून उलटं शिरून घरभरच्या गरम पाण्याच्या नळीत मिसळत होतं. अव्वा बटण दाबायच्या तेव्हा त्या पाण्याला बाहेर पडायची वाट मिळायची, आणि त्यांच्या अंगावर साडूभाऊंच्या कोपराने ठरवलेलं अगदी तसंच पाणी पडायचं. बाकीच्यांच्या वाट्याला टाकी यायची. गिझर पहिल्या दिवसापासून ठणठणीत होता. साडूभाऊंनी अव्वांसाठी जी माया गुंडाळून ठेवली होती, तीच काय ती घराला नडत होती.

"म्हंजे तुम्ही खरंच कढत पाण्यानं अंघोळ करत हुता?" साडूभाऊंनी अव्वांना विचारलं.

"मग खोटं कशाला सांगू? त्यात काय लपवायचं?" अव्वा म्हणाल्या. "मला वाटलं, गरम पाणी एकट्यापुरतंच निघतंय. ते सगळं मला देऊन तुम्ही गार घेताय आन् शिंकताय. माझ्यापायी माझा जावई आजारी पडायला नको, म्हणून निघायचं ठरवलं बघा."

साडूभाऊ दाराजवळच्या त्या पातेल्यावरच मटकन बसले. नशीब, पातेल्यावर झाकण होतं. हसताहेत की रडताहेत ते कळेना, बहुधा दोन्ही चालू होतं. अव्वा त्यांच्याजवळ गेल्या आणि दुखऱ्या हाताने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात तिथे बराच वेळ होता. आम्ही बाकीचे उगाच मोरीतल्या नळाकडे बघत राहिलो. मग साडूभाऊंनी डोळे पुसले, उभे राहिले आणि माझ्याकडे वळून विजयी मुद्रेने म्हणाले, "बघितलं न्हवं, पावणं? मी पयल्यापासनं सांगत हुतो, आपल्या घरातली वस्तू बिघडत न्हाय." असं ते कधीही म्हणाले नव्हते. पण अव्वांनी मान डोलावली, आणि अव्वांसमोर त्यांना खोटं पाडायची माझी छाती झाली नाही.

पिशवी रिकामी झाली. म्हशीचं आणि तिच्या चोरीचं पुढे कुणी नाव काढलं नाही. अव्वा संक्रांतीला राहिल्या, पाडव्याला राहिल्या, त्या पुढच्या संक्रांतीलाही त्यांच्याच हातचा तिळगूळ आम्ही खाल्ला. नळांवर साडूभाऊंनी लाल रंगाच्या खुणा करून घेतल्या. रोज सकाळी अव्वांच्या अंघोळीआधी ते नळ खुणेपर्यंत उघडायचे, अंघोळ झाली, अव्वा पूजेला बसल्या की बंद करायचे. मधल्या वेळात बाकीच्यांनी अंघोळीला जायचं नाही. त्या वेळेला घरात 'अव्वाची वेळ' असं नाव पडलं. बाहेर येताना अव्वा न विचारता सांगायच्या, "कढत हाय की." मग साडूभाऊंचा दिवस सुरू व्हायचा.

गेल्या श्रावणात अव्वा गेल्या. सकाळची अंघोळ झाली होती, कपाळावर विभूती होती, लिंग तळहातावर होतं. भिंतीला टेकून बसल्या होत्या, तशाच. अंथरुणाला खिळून कुणाला उठवायचा-बसवायचा त्राससुद्धा त्यांनी दिला नाही. साडूभाऊंनी त्यानंतर महिनाभर कुठल्याच वस्तूला पाना लावला नाही. मिक्सर बिघडला, तो तसाच पडून राहिला. शेवटी अक्कांनीच घड्याळ मुद्दाम खाली पाडलं, तेव्हा कुठे पिशवी निघाली. ते घड्याळ आता फार जोरात पळतं आणि साडूभाऊ म्हणतात, काळच तसा आलाय.

परवा मी कळंब्याला मुक्कामाला होतो. सकाळी साडूभाऊंनी सवयीप्रमाणे टॉवेल हातात दिला. मी बाहेरच्या न्हाणीघराकडे निघालो, तर अक्का हळूच म्हणाल्या, "जरा थांबा भाऊजी. अजून अव्वाची वेळ चालू हाय." मी आतल्या न्हाणीघरात डोकावलो. कोरडी फरशी, भिंतीवर टांगलेला हँड शॉवर, आणि दोन्ही नळ लाल खुणेपर्यंत उघडलेले. अक्कांनी सांगितलं, रोज उठून उघडतात, पूजेची वेळ टळली की बंद करतात.

मी थांबलो नाही. बाहेरच्या न्हाणीघरात गेलो, कडी लावली, नळ सोडला. थंडीचे दिवस होते आणि पाणी टाकीतून उतरलेलं, हाडापर्यंत जाणारं. दाराबाहेर साडूभाऊंची चप्पल वाजली. ते तिथेच उभे होते.

"पावणं," त्यांनी विचारलं, "पाणी कसं हाय?"

मी तांब्या भरला, डोक्यावर ओतला, दातावर दात दाबून धरले, आणि म्हणालो, "कढत हाय की."